एकतीस नंबरचे साक्षीदार

तिला सगळे वकीलबाई म्हणत, आणि ती वकील नव्हती. हे ती दिवसातून निदान दोनदा तरी सांगायची आणि समोरचा माणूस मान डोलावून पुन्हा वकीलबाईच म्हणायचा. लढाईच्या आधी वीस वर्षं ती कोर्टाच्या आवारात टाइपरायटर मांडून लोकांचे अर्ज बडवत होती. लढाई थांबल्यावर एका मदत संस्थेनं तिला सहा आठवडे कायदा शिकवला आणि या खोलीत आणून बसवलं. खरे वकील दर गुरुवारी शहरातून यायचे, दोन तास बसायचे आणि तिनं लिहिलेल्या अर्जांवर सह्या करून जायचे. त्यांचं नाव लक्षात ठेवायची तसदी कुणी घेतली नव्हती. लोक त्यांना नुसतं 'गुरुवार' म्हणत. एखादी म्हातारी मंगळवारी येऊन "गुरुवार आला का?" असं विचारायची, तेव्हा नवख्या माणसाला तिच्या डोक्याची काळजी वाटायची.

खोली पूर्वी एका घड्याळजीची होती. भिंतीवर खिळे तसेच होते, आणि जिथं जिथं घड्याळ टांगलेलं असायचं तिथं तिथं रंग अजून उजळ होता. बारक्या खणांचं एक कपाट मागं राहिलं होतं. त्यात वकीलबाई शिक्के, टाचण्या, शाईचा पॅड आणि वाचायचे चार चष्मे ठेवायची. चष्मे वेगवेगळ्या नंबरांचे होते, कारण पळताना माणसं पोरं घेतात, भांडी घेतात, पण चष्मा हमखास विसरतात. अर्ज वाचायला आलेल्या माणसानं आधी चारही चष्मे नाकावर चढवून बघायचे, अशी तिथली पद्धतच पडली होती.

काम सांगायला सोपं होतं. लढाईच्या तिसऱ्या दिवशी नोंदणी कार्यालय जळालं, आणि घरोघरची कागदपत्रं घराबरोबर गेली. आता आपलं घर आपलं आहे हे सिद्ध करायचं तर कशानं करणार? म्हणून नवा नियम आला. ज्याच्याकडं कागद नाही त्यानं लढाईपूर्वी त्याच गल्लीत राहणारे दोन साक्षीदार आणायचे. साक्षीदारांनी सांगायचं, हे घर याचंच, आणि घरात अमुक अमुक माणसं होती. मग प्रमाणपत्र मिळायचं, दारावरची लाल रंगाची फुली पुसता यायची आणि आत पाऊल टाकता यायचं. तोवर आपल्याच उंबरठ्याच्या आत जाणं गुन्हा होता. मुदत महिनाअखेरीपर्यंत. त्यानंतर ज्या घरांचा दावा नाही ती कार्यालय ताब्यात घेणार, पाडणार आणि तिथून रुंद रस्ता नेणार. रस्ता रुंद झाल्यावर त्यावरून जायला माणसं कुठून आणणार, हे मात्र नियमात लिहिलं नव्हतं.

वकीलबाईच्या गल्लीत चव्वेचाळीस घरं होती. ती स्वतः सात नंबरात, माडीवर, सासूबाईंबरोबर राहायची. आणि या चव्वेचाळीस घरांचा चालताबोलता कागद एकच होता, तो म्हणजे पोस्टमनकाका.

लढाईपूर्वी पोस्टमनकाका एकतीस नंबरात राहायचे. तीस वर्षं त्यांनी हीच गल्ली आणि आसपासच्या चार गल्ल्या पायाखाली घातल्या होत्या. कुणाच्या जिन्याची कितवी पायरी मोडकी, कुणाच्या दाराला दोन कड्या, कुणाच्या घरी पत्र आलं की आधी सून फोडते आणि मग सासूला देते, हे सगळं त्यांना पाठ होतं. लढाईनंतर पोस्ट बंदच होतं, तरी खाकी टोपी घालून ते रोज सकाळी नऊला खोलीत हजर व्हायचे आणि खिडकीजवळच्या बाकावर बसायचे. फाईल उघडली की वकीलबाई विचारायची, "काका, बावीस नंबर?" आणि काका डोळे मिटून सुरू करायचे, "हिरवं दार. आत डावीकडं नळ. नवरा, बायको, बायकोची आई, दोन मुली. धाकटी डावखुरी. सही तीच करायची रजिस्टरवर, म्हणून माहीत."

दुसरा साक्षीदार इकडून तिकडून मिळायचा. पहिले कायम काकाच.

फॉर्मवर माणसांच्या यादीपुढं एक रकाना होता. जिवंत, मृत, बेपत्ता, साक्षीदाराला माहीत असेल तसं. हा रकाना सगळ्यांना जड जायचा. एकदा शिंपीणबाईंची फाईल चालली होती. त्यांच्या नवऱ्यापुढं काय लिहायचं असं विचारल्यावर दुसरा साक्षीदार चटकन म्हणाला, "मृत. सगळ्यांना माहीत आहे." काकांनी डोळे उघडले. "पाहिलेलं की ऐकलेलं?" तो माणूस गडबडला. ऐकलेलं होतं. "मग लिहू नका, बाई," काका म्हणाले. "ऐकीव गोष्टीवर कुणाच्या कुंकवावर काट मारायची नाही." तिसऱ्या दिवशी ते स्वतः तीन मैल चालून एका ट्रक ड्रायव्हरला घेऊन आले. त्यानं पाहिलेलं होतं. मग लिहिलं. शिंपीणबाई रडल्या, पण त्या रडण्याला काहीतरी तळ होता. तेव्हापासून वकीलबाईनं तो प्रश्न उचलला. प्रत्येक साक्षीदाराला ती विचारायची, पाहिलेलं की ऐकलेलं?

काकांची स्वतःची फाईल मात्र झालेली नव्हती.

ती म्हणायची, "काका, तुमची पण उरकून टाकू एकदा." काका म्हणायचे, "माझी काय घाई आहे? या बाई लांबून आल्यात, यांची घ्या." आणि तीही घ्यायची. काका तर रोज इथंच असतात, त्यांचं काय, कधीही होईल. घरात लग्न असलं की घरच्या माणसाला जसं सगळ्यात शेवटी जेवायला वाढतात, तसं ते चाललं होतं. खरं कारण तिला ठाऊक नव्हतं असंही नाही. काकांच्या घरात तीन माणसं होती. काकू लढाईच्या आधीच आजारानं गेल्या होत्या. आणि मुलगा, बावीस वर्षांचा, लढाईच्या अकराव्या दिवशी पाण्याच्या टाकीजवळच्या नाक्यावर अडवला गेला आणि घरी आला नाही. त्याच्यापुढच्या रकान्यात काय लिहायचं, हा प्रश्न काकांना स्वतःला विचारून घ्यायचा नव्हता. म्हणून ते दुसऱ्यांच्या फाईली पुढं सरकवायचे आणि तिला ते सोयीचं पडायचं.

काका आता शाळेमागच्या निवाऱ्यात राहायचे. रोज सकाळी खोलीत येण्याआधी ते गल्लीत जायचे, एकतीस नंबरच्या बंद दारातल्या पत्रपेटीत एक पाकीट टाकायचे आणि कालचं पाकीट काढून घ्यायचे. पाकिटावर मुलाचं नाव, घर नंबर, गल्ली, सगळं नीट, पोस्टाच्या अक्षरात. आत एकच ओळ असायची, 'मी शाळेमागं पहिल्या खोलीत आहे, तिथं ये.' तीन वर्षं हा शिरस्ता होता. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि गल्लीत कुणाला माहीत नव्हतं असंही नाही.

महिना संपायला सोळा दिवस राहिले असताना शिंपीणबाई प्रमाणपत्राची नक्कल न्यायला आल्या. जाता जाता सहज म्हणाल्या, "काकांचं झालं ना हो? त्यांना मी साक्ष देईन. माझ्या मेल्या माणसासाठी एवढे चालले ते."

"या ना उद्याच," वकीलबाई म्हणाली. आणि नवा फॉर्म काढायला वळली तेव्हा तिची नजर भिंतीवरच्या कार्डावर गेली. ते कार्ड तिनंच शिकताना लिहून लावलं होतं, तिच्याच सुबक अक्षरात. नियम चौदा. ज्याच्यासाठी साक्ष दिली, त्याची साक्ष स्वतःसाठी घेता येणार नाही. दोघांनी मिळून एकमेकांची खोटी घरं उभी करू नयेत म्हणून केलेला नियम. चांगला नियम होता. तिनं तो शेकडो लोकांना समजावून सांगितला होता.

ती तशीच खुर्चीवर बसली. काकांनी गल्लीतल्या चाळीस घरांना साक्ष दिली होती. त्या चाळीस घरांतलं कुणीही आता काकांना साक्ष देऊ शकत नव्हतं.

चूक काय झाली हे तिला एका क्षणात दिसलं, आणि चूक इतकी साधी होती की तिला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. काकांची फाईल पहिली करायची होती. पहिल्या दिवशी कुणीही दोघं चालले असते. मग त्या दोघांना काकांऐवजी दुसरा कुणीतरी शोधला असता, आणि बाकी सगळ्यांना काका मोकळे होते. फक्त क्रम चुकला होता. हे तिच्या कधी मनातच आलं नाही, कारण काका म्हणजे साक्षीदार, आणि साक्षीदारालाही घर असतं हे ती विसरली होती. तिची स्वतःची फाईल पाचवी होती. साक्ष अर्थातच काकांची.

नोंदणी कार्यालयातल्या साहेबांनी हात वर केले. "बाई, नियम तुम्हीच मला तोंडपाठ म्हणून दाखवला होता गेल्या वर्षी." हे खरं होतं. गुरुवारी गुरुवार आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "यांची आधी करायला हवी होती."

"हो," ती म्हणाली. शहरातून एवढ्या लांब येऊन त्यांनी तिला तेवढंच सांगितलं.

त्या संध्याकाळी ती सासूबाईंबरोबर गल्लीतल्या घरांची यादी घेऊन बसली. सासूबाईंचा स्वभाव तिखट होता, पण स्मरणशक्ती त्याहून तिखट होती. चव्वेचाळीसातलं एक काकांचं. चाळीसांना साक्ष दिलेली. बारा आणि सव्वीस नंबरात मागं कुणी उरलंच नव्हतं. "राहिलं एकोणीस," सासूबाई म्हणाल्या आणि तोंड फिरवलं. "ते सोड. त्याच्या दारात तू जाणार नाहीस."

एकोणीस नंबरात लढाईपूर्वी पंपवाला राहायचा, आईबरोबर. पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. त्या अकराव्या दिवशी तोही नाक्यावर होता, आणि नाक्यावरच्या बंदूकवाल्यांनी काकांच्या मुलाला रांगेतून बाहेर काढलं ते पंपवाल्यानं ओळख पटवल्यावर, असं गल्ली म्हणत होती. पंपवाला त्या दिवशी घरी आला होता. एवढं पुरेसं होतं. वर्षभरापूर्वी तो फाईल करायला खोलीत आला, तेव्हा काका बाकावरून उठले, टोपी घातली आणि एक अक्षर न बोलता बाहेर निघून गेले. काका ज्याला साक्ष देत नाहीत त्याला बाकीच्यांनीही दिली नाही. त्याची फाईल कपाटात वरच्या फळीवर तशीच कोरी पडून होती.

तिनं दुसऱ्या दिवशी काकांना सगळं सांगितलं. आपली चूकही सांगितली.

"तुमची चूक नाही, बाई. मीच मागं मागं राहत होतो."

"एकोणीस नंबरात दोन माणसं आहेत, काका. तो आणि त्याची आई. दोघांची साक्ष चालते. मी विचारलंय."

"त्याच्याकडून नको."

"मग घर जाईल."

"जाऊ दे."

तिला राग आला. खरंतर तो तिचा स्वतःवरचा राग होता, पण बाहेर पडला तो काकांवर. "जाऊ दे काय म्हणता? बारा दिवसांनी तिथं पोकलेन उभा राहील. भिंत नाही, दार नाही, पत्रपेटी नाही. मग तो आला तर कुठं येईल?"

हे बोलल्यावर तिला जीभ चावावीशी वाटली. काकांनी तिच्याकडं पाहिलं. त्यांच्या तोंडावर राग नव्हता, नुसती घाबरलेली नजर होती, चुकीच्या दारात पत्र पडल्यावर पोस्टमनची होते तशी. ते उठून गेले आणि दोन दिवस आले नाहीत. दोन दिवस बाक रिकामा होता आणि लोक येऊन विचारत होते, काका कुठं आहेत, बरे आहेत ना. तिसऱ्या दिवशी बरोबर नऊला ते दारात उभे राहिले. टोपी हातात होती.

"बोलवा त्याला," ते म्हणाले.

पंपवाल्याचं दुकान म्हणजे नदीकडच्या रस्त्यावर पत्र्याची एक शेड होती. तो जमिनीवर फतकल मारून एका मोटारीची तांब्याची तार उलगडत होता. आई कोपऱ्यात स्टोव्हवर चहा करत होती. तिनं वकीलबाईला बसायला एक उलटी बादली दिली. तीन वर्षांत त्या शेडमध्ये गल्लीतलं कुणी आलं नव्हतं, हे त्या बादलीवरच्या न वापरलेल्या कापडावरून कळत होतं. कुणी कधी आलंच तर असावं म्हणून म्हातारीनं ते स्वच्छ धुऊन ठेवलेलं होतं.

वकीलबाईनं काम सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. "आणि हेही ऐकून घे. तू त्यांना साक्ष दिलीस की त्याच नियमाचं बोट तुझ्याकडं वळणार. काकांना तुझ्यासाठी साक्ष कधीच देता येणार नाही."

तो हसला. चांगलं हसू नव्हतं ते. "ते देणार होते कुठं, ताई?"

"बदलले असते कदाचित."

"नसते बदलले." त्यानं तार खाली ठेवली. "मला काय सांगावं लागेल?"

"घर त्यांचं आहे, ते. आणि घरात कोण कोण होतं."

"सगळे रकाने?"

"सगळे. जेवढं पाहिलंय तेवढं."

आईनं चहा ओतता ओतता मुलाकडं पाहिलं आणि नजर खाली घातली. मग तो म्हणाला, "एक करता येईल का? मी येतो, सांगतो. पण काका तिथं नकोत. तुम्ही एकट्या लिहून घ्या."

"अर्जदारापुढं वाचून दाखवावंच लागतं. नाहीतर कार्यालय परत पाठवतं."

वकीलबाईला तेव्हाच अंदाज आला. पंपवाला नाक्यावर होता. सगळे रकाने का, हे त्यानं उगीच विचारलं नव्हतं. त्याच वेळी तिला थांबता आलं असतं. पण नऊ दिवस उरले होते, दुसरं कुणी नव्हतं, आणि आपल्या हातून गेलेलं घर परत मिळवायचं ही एकच गोष्ट तिच्या डोक्यात होती. तिनं चहा संपवला आणि म्हणाली, "उद्या दहाला या. तुमच्या घराच्या फाईलचं काय करता येईल तेही मी बघते." गल्लीत त्याला साक्ष देणारं कुणी नव्हतं, म्हणजे काहीही करता येणार नव्हतं. ते तिला आणि त्याला दोघांनाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी खोलीत चौघंच होती. बाकीच्यांना तिनं दुपारी यायला सांगितलं होतं. काका नेहमीच्या बाकावर न बसता टेबलासमोरच्या खुर्चीवर बसले होते, अर्जदार बसतो तिथं. ती खुर्ची बुटकी होती आणि त्यांना आपले पाय कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं. पंपवाला भिंतीला टेकून उभा राहिला.

आधी त्याच्या आईची साक्ष झाली. म्हातारीनं चारही चष्मे लावून पाहिले, एकही पसंत पडला नाही. मग तिनं तोंडानंच सांगितलं. "एकतीस नंबर यांचंच. लग्न करून बायकोला आणली तेव्हा मीच शेजारून दिवा धरला होता, वीज गेली होती म्हणून. बाई चांगली होती. माझ्यासमोर गेली, तिचे पाय मी धुतले." वकीलबाईनं विचारायच्या आधीच तिनं सांगितलं, "पाहिलेलं." मुलाबद्दल विचारल्यावर ती म्हणाली, "मी घरात होते. मी पाहिलेलं काही नाही." आणि अंगठा उठवला.

मग पंपवाला पुढं आला. घर नंबर, दाराचा रंग, खोल्या, सगळं त्यानं अचूक सांगितलं. छतावरची टाकी त्यानंच बसवली होती. काका समोर बघत होते, त्याच्याकडं नाही. काकूंचं लिहून झालं. वकीलबाईची लेखणी खालच्या ओळीवर आली. तिथं मुलाचं नाव होतं. तिनं वर पाहिलं नाही.

"मुलगा. जिवंत, मृत की बेपत्ता? माहीत असेल तर."

बाहेर कुणीतरी हातगाडी ढकलत नेत होतं, तिचं चाक करकरत होतं. तो आवाज लांब जाईपर्यंत पंपवाला थांबला.

"मृत," तो म्हणाला.

शिंपीणबाईंच्या फाईलपासून ती हा प्रश्न सवयीनं विचारत आली होती. आज तो विचारायचा नव्हता, आणि विचारल्याशिवाय रकाना भरता येत नव्हता. ज्यांनी तो तिला शिकवला ते समोर बुटक्या खुर्चीवर बसले होते.

"पाहिलेलं," तिनं विचारलं, "की ऐकलेलं?"

"पाहिलेलं."

काकांनी पहिल्यांदा मान वळवून त्याच्याकडं पाहिलं. पंपवाला वकीलबाईला सांगतोय असं दाखवत काकांनाच सांगत होता. "आम्हाला रांगेत उभं केलं होतं. त्याला विचारलं, तू कोण. त्याला भीतीनं बोलताच येईना. तेव्हा मी म्हणालो, हा पोस्टमनचा मुलगा आहे. मला वाटलं सोडतील. काकांना सगळे मानतात. दोन्हीकडं पत्रं न्यायचे काका, कुणाचं कधी अडवलं नाही. मला वाटलं, नाव सांगितलं की सोडतील. बंदूकवाले म्हणाले, म्हणजे बातम्या नेणाऱ्याचा मुलगा. आणि त्याला बाजूला घेतलं. नंतर आम्हा चौघांना खड्डा खणायला लावला."

म्हातारी तोंडाला पदर लावून रडत होती, आवाज न करता. तीन वर्षं ती हे पोटात ठेवून लोकांच्या पाठी बघत आली होती.

"आधी का सांगितलं नाहीस?" वकीलबाईनं विचारलं.

"कुणाला सांगू? मी समोर आलो की काका रस्ता बदलायचे. आणि मीही बदलू द्यायचो. बरं वाटायचं." त्यानं डोळे पुसले. "ते पेटीत पाकीट टाकायचे ना, तेव्हा मी लांबून बघायचो. तेव्हा सांगायला हवं होतं."

वकीलबाईला वाटलं, आता ते उठतील, टोपी घालतील आणि निघून जातील, आणि फाईल तशीच राहील, आणि राहिली तरी हरकत नाही. काकांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते.

"कुठं?" त्यांनी विचारलं. तीन वर्षांत ते पंपवाल्याशी बोललेला हा पहिला शब्द.

"पाण्याच्या टाकीमागं. कुंपणाची भिंत संपते तिथं. मी वर एक पाइप रोवून ठेवलाय, लोखंडी. कुणाला कळू नये म्हणून निळा रंग दिलाय, पाण्याच्या पाइपासारखा."

काकांनी मान हलवली. मग वकीलबाईकडं वळून म्हणाले, "लिहा, बाई."

"काका, हा रकाना कोरा ठेवला तरी घर मिळेल. घरासाठी त्याची गरज नाही."

"पाहिलेलं आहे ना? मग लिहा. चाळीस घरांचं लिहून घेतलं मी. आणि पूर्ण वाचून दाखवा. कुणाचंही अर्धं ऐकून मी सही केलेली नाही."

तिनं लिहिलं आणि पहिल्या ओळीपासून वाचलं. एकतीस नंबर, तपकिरी दार, दोन खोल्या, छतावर टाकी. तीन माणसं. तिसऱ्या ओळीशी ती अडखळली, तेव्हा काकांनी हात थोडा वर केला, थांबू नका असा. तिनं वाचलं. काकांनी सही केली, तीस वर्षं दुसऱ्यांकडून रजिस्टरवर घेत होते तशी, रेघेच्या आत, स्वच्छ.

प्रमाणपत्र मुदतीच्या दोन दिवस आधी आलं. एकतीस नंबरच्या दारावरची फुली पुसली गेली. एकोणीस नंबरला गल्लीतून साक्ष मिळाली नाहीच, ते महिन्याभरानं पाडलं. त्या दिवशी काका एकोणीस नंबरसमोर टोपी काढून उभे होते आणि त्यांच्या शेजारी पंपवाल्याची आई होती, असं सासूबाईंनी माडीवरून पाहिलं. पाहिलं म्हणजे पाहिलं, सासूबाई ऐकीव काही सांगत नाहीत.

पण हे सगळं पुढचं. त्या सकाळी पंपवाला आणि त्याची आई गेल्यावर काका खुर्चीतच बसून राहिले. वकीलबाईनं पाणी दिलं, काका ते प्यायले नाहीत. तिला माफी मागायची होती, आणि कशाकशाची मागायची ते तिला कळत नव्हतं. ती नुसतीच त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि रडली, एखाद्या अर्जदारासारखी.

थोड्या वेळानं काकांनी सदऱ्याच्या खिशातून एक पाकीट काढलं. त्या दिवशीचं होतं. सकाळी घाबरून ते गल्लीत गेलेच नव्हते, सरळ खोलीत आले होते. पाकिटावर मुलाचं नाव होतं, खाली एकतीस नंबर, खाली गल्ली. त्यांनी ते टेबलावर ठेवलं, सपाट केलं आणि म्हणाले, "बाई, जरा पेन द्या."

घर बदललेल्या माणसाचं पत्र आलं की पोस्टमन काय करतो, ते तिनं लहानपणापासून पाहिलं होतं. नावाला हात लावत नाही. काकांनी जुन्या पत्त्यावर एक सरळ रेघ मारली. खाली, त्याच नीट अक्षरात, सावकाश लिहिलं, 'पाण्याच्या टाकीमागं, कुंपणाची भिंत संपते तिथं.' शाई वाळेपर्यंत थांबले. मग उठले, टोपी घातली आणि पाकीट हातात घेऊन ते पोचवायला निघाले.